आक्षीच्या पुळणीवर पाणी चढताना

खाडीकाठ

परवा पौष वद्य द्वितीयेला आक्षीला जाऊन आले. अलिबागच्या दक्षिणेला, साखर-आक्षीची खाडी ओलांडली की हे गाव. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या शिलालेखांपैकी एक, शके ९३४चा, याच गावात आहे. मी मात्र गेली सहा वर्षं दर हिवाळ्यात दोन-तीनदा जाते ती पुळणीवर उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांसाठी. यावेळचा दिवस लिहून ठेवावासा वाटला, कारण पहिल्यांदाच मी दिवसभर एका जागी बसून राहिले.

पेणहून साडेपाचला निघाले. सुरूच्या बनातून बाहेर आले तेव्हा सात वाजून गेले होते आणि ओहोटी पूर्ण लागलेली होती. इथला किनारा इतका सपाट आहे की उधाणाच्या दिवसांत पाणी पार लांब जातं. मधे नुसती ओली, चिखलट वाळू. पक्षी शेकड्याने होते, पण दुर्बिणीतूनही तांदळाच्या दाण्याएवढे.

आजवर अशा वेळी मी चालत त्यांच्याकडे जायचे. शंभर पावलं गेलं की थवा उठायचा, अजून पुढे जाऊन बसायचा, मी पुन्हा मागे. घरी येताना पाय भरून आलेले आणि वहीत नावं चार. यावेळीही चप्पल हातात घेऊन निघालेच होते, तेवढ्यात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला आलेल्या एका कोळी मावशींनी हाक मारली. त्यांनी माझी दुर्बीण बघितली, दूरचे पक्षी बघितले आणि म्हणाल्या, "बाय, पानी येवदे. मंग येतीन तीच." एवढं बोलून त्या कामाला लागल्या.

मी बसले. किनाऱ्याला समांतर एक वाळूचा दांडा आहे, त्याच्या अलीकडे, एका पडलेल्या ओंडक्याला टेकून. पाण्याची बाटली, वही, डोक्याला ओढणी. उठायचं नाही असं ठरवलं.

पहिला दीड तास विशेष काही घडलं नाही. एक समुद्री बगळा, एक ब्राह्मणी घार, खाडीच्या तोंडाशी कुरवांचा (सीगलचा) कलकलाट. नऊच्या सुमारास पाणी फिरल्याचं जाणवायला लागलं. आधी वाळूतल्या वळ्यांमध्ये चकाकी आली, मग त्या वळ्या बुडाल्या. आणि पाण्याच्या कडेबरोबर पक्षी यायला लागले. चालत. कुणाला घाई नाही. सगळ्यांत पुढे सँडरलिंग. लाट मागे गेली की तिच्या मागे धावत जाऊन चोची मारायच्या, लाट वळली की तिच्या पुढे धावत परत. इतर किनारपक्ष्यांना असतं ते मागचं छोटं बोट सँडरलिंगला नसतंच. मग चिखल्या: दहा पावलं धावायचं, थांबायचं, टक लावून बघायचं, टिपायचं. त्यांच्यात मिसळलेले छोटे टिलवे, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत.

दहा वाजता ऑयस्टरकॅचर आले. आपल्याकडे कुणी कालवफोड्या म्हणतं. काळा-पांढरा अंगरखा, गाजरासारखी लांब चोच, लाल डोळा. एक्केचाळीस मोजले. त्यातला एक माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर येऊन कामाला लागला, त्याला मी बराच वेळ बघितलं. वाळूत चोच अर्धी रुतवायची, दोन-तीनदा हलवायची, पुन्हा एक पाऊल पुढे. मग एका ठिकाणी तो थांबला. शिंपलं वर ओढून घट्ट वाळूवर ठेवलं, मिटलेल्या कडेच्या फटीत चोचीचं टोक बरोबर घातलं आणि मान फिरवली. शिंपलं उघडलं. आतलं मांस एका झटक्यात बाहेर, गिळलं, पुढे. मोजून पाऊण मिनिटही लागलं नसेल. तो लांब गेल्यावर ते शिंपलं उचलून आणलं. दोन्ही झाकणं बिजागरीला शाबूत, कुठे तडा नाही, आत मांसाचा एक पांढरा धागा तेवढा उरलेला. घरी विळीवर तिसऱ्या उघडताना माझी बोटं दोनदा तरी कापतात.

अकरा-सव्वाअकराला एक गोष्ट घडली, ती मी आधी कधीच पाहिली नव्हती. तोवर बरेच पक्षी पोट भरून दांड्यावर विसाव्याला आले होते. एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, आणि सगळ्यांची तोंडं जमिनीकडे. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून येत होता ना, त्याच्याकडे तोंड. मग वारा पडला. दहा-पंधरा मिनिटं पान हलेना. आणि समुद्रावरून खारा वारा सुरू झाल्यावर तो अख्खा थवा, कडेपासून सुरुवात होऊन, हळूहळू जागच्या जागी फिरला. एका पायावरच, छोट्या उड्या घेत. पाच मिनिटांत दोनेकशे पक्षी समुद्राकडे तोंड करून उभे. पिसांत वारा शिरू नये म्हणून ते तसे उभे राहतात हे मला माहीत होतं. पण डोळ्यांदेखत ते वळताना बघून घशात आवंढा आला.

साडेबाराला दांड्याची जेमतेम एक पट्टी उरली होती आणि माझ्यापासून पन्नास पावलांवर ते सगळे दाटीने उभे होते. तेव्हाच एक चारचाकी थेट वाळूवरून आली. खिडकीतून मोबाइल बाहेर काढलेला, हॉर्न. थवा उठला, वळसा घालून बसला. गाडी वळून परत आली. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तो खाडीकडे गेला आणि मी निघेपर्यंत परतला नाही. मी उठून गाडीपर्यंत गेले, बोलले, पण तोवर दांडा रिकामा झाला होता.

त्या दिवसाची यादी: ऑयस्टरकॅचर, सँडरलिंग, छोटा टिलवा, केंटिश चिखल्या, तिबेटन आणि ग्रेटर असे दोन्ही सँड प्लोव्हर, कर्ल्यू, व्हिंब्रेल, बार-टेल्ड गॉडविट (फक्त ३), टर्नस्टोन, काळ्या आणि तपकिरी डोक्याचे कुरव, मोठा पॅलास कुरव १, कॅस्पियन सुरय, समुद्री बगळा, ब्राह्मणी घार, आणि परतताना सुरूच्या शेंड्यावर एक समुद्री गरुड.

तुम्ही कुठे जाता, काय बघता, लिहा.

---

निळाई

वाचताना वाळूत बसल्यासारखं वाटलं. दोन प्रश्न. द्वितीयाच का निवडलीत? आणि सँड प्लोव्हर आणि केंटिश मला सारखेच दिसतात, कसे ओळखता?

---

खाडीकाठ

निळाई, आधी सोपं. पक्षी पाठमोरा झाला की मानेमागे बघा. केंटिशला मानेभोवती पांढरी पट्टी मागून पूर्ण फिरलेली असते, सँड प्लोव्हरला मागे पांढरं नसतं. दोन सँड प्लोव्हर एकमेकांपासून ओळखणं जास्त कठीण. ग्रेटरची चोच लांब, जाड, पायही लांब. दोघे शेजारी उभे असतील तर लगेच कळतं, एकटा असेल तर मी अजून अडखळते. पूर्वी आपण ज्याला लेसर सँड प्लोव्हर म्हणायचो त्याच्या आता दोन जाती केल्या आहेत, आपल्या किनाऱ्यावर येणारे मुख्यतः तिबेटन. जुन्या पुस्तकात तिबेटन हे नाव सापडणार नाही.

तिथीचं रेवदंडेकर सांगतील तर बरं, मी ते त्यांच्याकडूनच शिकले.

---

मु_पो_रेवदंडा

सांगतो. आमच्याकडे भरतीसाठी कोणी छापील तक्ता बघत नाही. तिथीची पाऊणपट करायची. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, सव्वासातला पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा: सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण माझ्या आजोबांनी याच हिशेबावर आयुष्यभर होडी घातली.

आता पक्ष्यांसाठी. अमावास्या-पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंत उधाण. प्रत्यक्षात पाणी सर्वांत जास्त चढतं ते पौर्णिमेच्या दिवशी नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी. या दिवसांत सकाळी ओहोटी आणि दुपारी भरती, म्हणजे उजेडातच पाणी चढतं आणि पक्ष्यांना तुमच्याकडे आणतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा पाणी ना धड आत येत, ना धड बाहेर जात. दांडा बुडतच नाही, मग पक्षी कशाला जवळ येतील? रविवार बघून जाणाऱ्यांचा निम्मा वेळ तिथेच वाया जातो.

आणि ताई, त्या मावशी बहुतेक ओळखीच्या आहेत. विचारतो.

---

फोकस_२००

छान लिहिलंय, पण एका मुद्द्यावर वेगळं मत नोंदवतो. मी उडत्या थव्याचे फोटो काढतो. थवा एकदा उठवला तर फार काही बिघडतं असं मला वाटत नाही. दोन मिनिटांत ते परत बसतात. कुत्रं आलं, गरुड आला, तरी उठतातच की. फोटो बघून चार लोकांना पक्ष्यांची गोडी लागते, हाही फायदा धरा.

---

खाडीकाठ

फोकस, तुमचे फोटो मी बघते आणि मला आवडतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

किनारपक्ष्यांचा दिवस घड्याळावर नाही, पाण्यावर चालतो. ओहोटीचे काही तास खायला मिळतात, कारण अन्न उघडं पडतं तेव्हाच. मग भरतीला पाणी सगळी जागा झाकतं आणि विसाव्याला उरतो एखादा दांडा. तेवढ्या दोन-तीन तासांत पचवायचं, पिसं नीट करायची, झोपायचं. तुम्ही एकदा उठवता. तुमच्या आधी घोडागाडी गेलेली असते, नंतर पॅरासेलिंगची बोट येते, मग आणखी कुणी एकदाच उठवतं. थव्याच्या वाट्याला ते दिवसभर येतं. गरुड आला तर उडावंच लागतं, त्याला इलाज नाही. आपल्याला आहे.

आणि हे उडणं फुकटचं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये हे पक्षी तिबेट, मध्य आशिया, सायबेरियाकडे निघतात. निघण्याआधी अंगावर चरबी चढवावी लागते, काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. बार-टेल्ड गॉडविटची एक गोष्ट सांगते. ऑक्टोबर २०२२मध्ये अंगावर उपग्रह-यंत्र बसवलेलं याच जातीचं एक पिल्लू, पाचच महिन्यांचं, अलास्काहून निघालं ते कुठेही न टेकता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला उतरलं. आपल्याकडचे गॉडविट त्या वाटेचे नाहीत, पण शरीराची घडण तीच. असा पक्षी दांड्यावर एका पायावर उभा असतो तेव्हा तो पुढच्या प्रवासाचं इंधन साठवत असतो.

उडत्या थव्याचा फोटो बसूनही मिळतो. पाण्याने दांड्याची शेवटची पट्टी बुडवली की ते आपणहून उठतात. मला त्या दिवशी तोच क्षण हवा होता.

---

फोकस_२००

पाणी दांडा बुडवतं तेव्हा ते आपणहून उठतात, हे माझ्या लक्षात कधी आलंच नव्हतं. फाल्गुनातल्या उधाणाला बसून बघतो. गाडीचा प्रकार वाचून मलाही वाईट वाटलं.

---

भाऊचा_धक्का

कुरवांबद्दल लिहायचं आहे. मी कामानिमित्त वर्षानुवर्षं गेटवे-मांडवा करतो. हिवाळ्यात लाँच सुटली की कुरव मागे लागतात आणि लोक वेफर्स, गाठ्या, कुरकुरे उधळतात. तळलेलं, खारट. पिशव्याही पाण्यात जातात. परवा एक आजोबा नातवाला शिकवत होते, कसं फेकायचं ते. नातवाचा आनंद बघून मला बोलवेना. मग शेजारी जाऊन बसलो आणि मुलाला म्हटलं, त्यांचे डोळे बघ, कुणाचे पांढुरके आहेत आणि कुणाचे काळे? पुढचा अर्धा तास तो तेच बघत होता, गाठ्यांची पुडी आजोबांच्या खिशात गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पांढुरका डोळा आणि काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके (त्यांना आरसे म्हणतात), तो तपकिरी डोक्याचा कुरव. लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण करतो. डोळा काळा आणि पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा त्रिकोण, तो काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, कानामागे एक डाग तेवढा. नावावरून शोधायला गेलात तर एकही सापडणार नाही. मार्चमध्ये जाता जाता डोकी रंगायला लागतात.

---

निळाई

भाऊ, हे डोळ्यांचं मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगणार. आमची सहल मांडव्यालाच आहे.

---

चापोरा

गोव्यातून. आमच्याकडे मोरजीला चापोरा नदी समुद्राला मिळते, तिथे मुखाशी वाळूवर कुरव आणि सँड प्लोव्हर मोठ्या संख्येने बसतात. त्याच किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे काही भाग कुंपण घालून राखलेला असतो. कुंपण कासवांसाठी, पण केंटिश चिखल्यांनीही तीच जागा धरली आहे. तिथे पाय पडत नाहीत, खुर्च्या येत नाहीत. दोन दोरांच्या आत आणि बाहेर किती फरक पडतो ते तिथे उभं राहून बघावं.

---

दक्षिणकोळी

नेदरलँड्समधून लिहिते. तुमचा कालवफोड्या वाचून राहवलं नाही. इथे वाडन समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर हाच पक्षी मुबलक दिसायचा, पण त्याची संख्या बरीच घटली आहे. त्यामागे एक मोठं कारण शिंपल्यांची यंत्राने होणारी उपसणी होतं. बोटी तळ खरवडून शिंपले काढत आणि पक्ष्यांना खायला उरत नसे. बरीच वर्षं वाद झाला, अखेर डच भागातली यांत्रिक उपसणी २००५पासून बंद झाली. हाताने काढणं मर्यादित प्रमाणात चालू राहिलं. तुमच्या मावशी तिसऱ्या काढतात आणि पक्षी शेजारी आपलं पोट भरतो, हे वाचताना मला तेच आठवलं.

इथे अभ्यास करणाऱ्यांनी आणखी एक दाखवलं आहे. या पक्ष्याची चोच नखासारखी सतत वाढते आणि झिजते, आणि तो काय खातो त्यावर टोकाचा आकार ठरतो. शिंपलं ठोकून फोडणाऱ्याचं टोक बोथट, फटीत घालून उघडणाऱ्याचं छिन्नीसारखं, चिखलातले किडे ओढणाऱ्याचं अणकुचीदार. खाडीकाठ, तुमच्या पक्ष्याचं टोक कसं होतं?

---

खाडीकाठ

दक्षिणकोळी, तुमचं वाचून लगेच फोटो मोठा करून बघितला. बाजूने चपटं, पातळ टोक दिसतंय. छिन्नी! त्या बिनतड्याच्या शिंपल्याचा अर्थ आता लागला. ते मी जपून ठेवलंय, खिडकीत आहे.

---

जामनगरकर

आमच्याकडे कच्छच्या आखातात नराराला यायचं जमवा. सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२चं. ओहोटीला प्रवाळांमधून गुडघाभर पाण्यात चालता येतं आणि तिथे क्रॅब प्लोव्हर दिसतो, काळा-पांढरा, जाड चोचीचा, खेकडे खाणारा. वाटाड्या घेऊनच जा, पाणी वळलं की फार भराभर येतं.

---

टिटवी

दुर्बीण कोणती घ्यावी? आणि पायात कडी असलेला पक्षी दिसला तर काय करायचं? मला उरणला एकदा दिसला होता, पण कुणाला सांगायचं ते कळलं नाही.

---

खाडीकाठ

टिटवी, आठ-बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. दहाची हातात थरथरते. किनाऱ्यावर लांबचं बघायला तिकाटण्यावरची स्कोप असेल तर उत्तम, पण पाण्याची वाट बघायची तयारी असेल तर तिच्यावाचून अडत नाही.

कडीबद्दल: बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) बरीच वर्षं पक्ष्यांना कड्या घालते. किनारपक्ष्यांच्या पायांत कधी धातूच्या कडीबरोबर रंगीत पट्टी असते, तिच्यावर अक्षरं-आकडे असतात. कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, दोन पट्ट्या असतील तर वरचा रंग कोणता, खालचा कोणता, हे लगेच वहीत लिहा. अक्षरं वाचता आली तर सोनं. तारीख, जागा आणि फोटो त्यांना कळवा. उरणची नोंद जुनी असली तरी कळवा.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७पासून दर वर्षी चालू आहे. नव्याने शिकायला तो उत्तम मुहूर्त, जवळच्या गटाबरोबर जा. आणि किहीमला गेलात तर वाटेत एक क्षण थांबा. १९३०मध्ये सालिम अली तिथे राहून सुगरणींची घरटी बघत होते. रोज, एकाच झाडासमोर.

---

मु_पो_रेवदंडा

काल दुपारी आक्षीत काम होतं म्हणून पुळणीवर डोकावलो. वद्य अष्टमी, पाणी लांब आणि सुस्त, पक्षी सगळे बाहेर पसरलेले. कालवफोडे सदतीस मोजले, म्हणजे खाडीकडे गेलेले परतले आहेत. मावशी भेटल्या, त्याच. तुमच्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, दुर्बीणवाली बाय ना, ओंडक्याला टेकून बसलेली? मी हो म्हटलं. अमावास्येनंतरच्या उधाणाला यायला सांगितलंय. ओंडका जागेवर आहे.